पुढून झिजलेला नाल

दस्तगीर नालबंद गेल्याचं मला संकेश्वरच्या एका बैलवाल्याकडून कळलं, तेही तो जाऊन तीन आठवडे उलटल्यावर. बेळगावात दवाखान्याच्या अंगणात मी त्याच्या बैलाचा खूर हातात धरून बसलो होतो. खुराला ठोकलेली पत्री, म्हणजे बैलाचा नाल, चांगली बसली होती, दुखणं वेगळंच होतं. मी सहज विचारलं, "पत्री कुणी मारलेली?" तो म्हणाला, "निपाणीचा दस्तगीर. बाजाराला यायचा न्हवं का आमच्यात... गेला की त्यो. तुमास्नी म्हाईत न्हाय?" मी मान हलवली. "लई चांगला बैलांचा नालबंद हुता," तो म्हणाला आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागला. बैलांचा नालबंद! ते ऐकून माझ्या हातातला खूर निसटला. बैलवाल्याला वाटलं, बैलाने हिसका दिला. त्याने बिचाऱ्या बैलालाच दोन शिव्या घातल्या आणि मी त्या घालू दिल्या. दुसऱ्याच्या अंगावर दोष जाऊ द्यायची माझी सवय जुनीच आहे.

कारण दस्तगीर बैलांचा नालबंद नव्हता. तो घोड्यांचा नालबंद होता, आणि निपाणीपासून चिकोडीपर्यंत त्याच्यासारखा दुसरा नव्हता. त्याला बैलांना पत्र्या मारत आठवडी बाजारांतून हिंडायला लावलं ते मी. त्याच्या घरच्यांखेरीज हे निपाणीत कुणालाच ठाऊक नाही. लोकांना वाटतं, त्याच्या हातून एक चूक झाली आणि ती मी पकडली. गेलेल्या माणसावर लिहिताना मित्र म्हणून लिहायची रीत आहे. मी त्याचा मित्र दोन वर्षं होतो. त्यानंतरची अकरा-बारा वर्षं मी कोण होतो, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

मुंबईला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन मी निपाणीच्या दवाखान्यात आलो तेव्हा चोविशीत होतो आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. आमच्या जैन शेतकरी घरातला मी पहिला शिकलेला. पण मुलगा 'ढोरडागदर' झाला हे चारचौघींत सांगताना आईचा आवाज खाली यायचा. पहिल्याच आठवड्यात एका टांग्याच्या घोड्याला तपासायला मी पाठीमागून वाकलो, तोच कुणीतरी माझ्या कोटाची कॉलर धरून मला बाजूला ओढलं. वळून पाहतो तर एक उंच, सडपातळ, चाळिशी ओलांडलेला माणूस, कमरेला चामड्याचा तुकडा बांधलेला. "डागदर, घोड्याच्या मागं न्हाय, बगलंला ऱ्हावा. मागनं त्येला तुमची पदवी दिसत न्हाय, नुसता माणूस दिसतोय." टांगेवाले खो खो हसले. मलाही हसू आलं. तेव्हा मला हसता येत होतं, एवढंच त्या दिवसांचं कौतुक.

संकेश्वरकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला, एका चिंचेखाली त्याची भट्टी होती. बाप नालबंद, आजा नालबंद. पहिल्या लढाईत पलटणीच्या घोड्यांबरोबर तो बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता आणि येताना बिनदुधाचा कडू चहा प्यायची सवय घेऊन आला होता. दवाखाना बंद झाला की मी त्याच्याकडे जाऊन बसायचो. मी त्याला चाचा म्हणायचो, तो मला धाकलं डागदर म्हणायचा. थोरला डॉक्टर कोण, असं एकदा विचारलं तर म्हणाला, "थोरलं अजून हितं आलं न्हाईत. तुमीच हुशीला, सावकाश." घोड्याचं लंगडणं बघायला मला त्यानेच शिकवलं. मागच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याचा पाय बघायचा नाही, पुठ्ठा, म्हणजे कमरेमागचा भाग बघायचा; ज्या अंगाला दुखतं त्या अंगाचा पुठ्ठा चालताना जास्त उसळतो. आणि घोडं कधी दुपारी बघायचं नाही. "दुपारच्याला समदीच घोडी चांगली असत्यात. सकाळी, अंग गार असताना, तबेल्यातनं भाईर काढतावेळी पहिलं पाऊल बघा. पहिलं पाऊल खोटं बोलत न्हाय."

त्याची आणखी एक रीत होती. घोड्याचा काढलेला जुना नाल तो भंगारात टाकायचा नाही. एकेका घोड्याचे नाल तारेत ओवून भट्टीच्या मागच्या भिंतीवर टांगलेले असायचे. नवीन नाल मारायच्या आधी तो जुने काढून बोटांनी चाचपायचा. कुठे किती झिजलं, मागच्या खेपेपेक्षा जास्त की कमी. वैद्य नाडी बघतो, हा लोखंड बघायचा. लोक जुना नाल दाराला ठोकायला मागायला येत. चांगल्या चालीच्या घोड्याचा नाल तो खुशाल काढून द्यायचा, पण दुखऱ्या पायाचा नाल त्याने कधी कुणाला दिला नाही. "दुखणं का कुनाच्या दाराला ठोकायचं असतंय?" असं म्हणून तो तार परत खिळ्याला अडकवायचा.

माझे सख्खे मामा, पारिसामामा, तंबाखूचे व्यापारी होते. पेठेत त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांच्या टांग्याला हौशी नावाची बदामी रंगाची घोडी होती, आणि तिची नालबंदी अर्थातच दस्तगीरकडे. एका उन्हाळ्यात तो मला म्हणाला, "डागदर, हौशीचा उजवा मागला बघा एकदा. आतल्या अंगाला हाड फुगाय लागलंय. आमी त्येला हड्डा म्हणतो." घोड्याच्या मागच्या पायात मधोमध जो मोठा सांधा उलटा वाकलेला दिसतो, त्याच्या खालच्या बाजूला, आतून, त्याने बोट ठेवून दाखवलं होतं. मी हौशीला पाहिलं. पण पाहिलं ते ती चिकोडीहून दौडत आली त्या दुपारी. चाल अशी की पोटातलं पाणी हलणार नाही. मी दस्तगीरला म्हटलं, "चाचा, तुम्हाला जिथं तिथं हड्डा दिसतो." तो हसला आणि म्हणाला, "तुमी दुपारी बघितलं." हौशीचा तो पाय मात्र त्याने कधी मांडीपर्यंत उचलून धरला नाही. बाकीच्या घोड्यांचा पाय मांडीवर घेऊन नाल मारायचा. हौशीच्या वेळी स्वतः मातीत गुडघे टेकायचा आणि तिचा पाय जमिनीपासून वीतभरच उचलायचा. मला ते दिसत होतं. मला वाटायचं, लाडकी घोडी आहे म्हणून.

भाद्रपदात आमचं दशलक्षण पर्व येतं. मामांच्या घरी त्या दिवसांत मुक्या जनावरांनाही विश्रांती असे. गाडी जुंपायची नाही, टांगा काढायचा नाही. हौशी ते सगळे दिवस पावसाने ओल्या झालेल्या तबेल्यात उभी राहायची, हरभरा खायची आणि मामी तिच्या कपाळाला कुंकू लावायची. पर्व संपलं की क्षमावणी. त्या दिवशी लहानमोठ्या सगळ्यांनी एकमेकांसमोर हात जोडून, वर्षभरात कळत नकळत जे चुकलं त्याची माफी मागायची. 'उत्तम क्षमा' म्हणायचं. मामांचा नेम असा की क्षमावणीला सकाळी टांग्यातून तवंदीच्या डोंगरावर दर्शनाला जायचं आणि येताना नातेवाइकांची घरं घ्यायची. म्हणून आदल्या संध्याकाळी दस्तगीरला बोलावून हौशीचे नाल बदलून घेतले. सकाळी तिला बाहेर काढलं तर उजवा मागचा पाय टेकेना. खुराचा पुढचा भाग दगडी फरशीवर घासत, लंगडत ती उंबऱ्यातच थांबली.

मला निरोप आला तेव्हा मी नवं धोतर नेसून निघण्याच्या तयारीत होतो. दारात तीस-चाळीस माणसं जमली होती. सगळी क्षमावणीला आलेली, पाहुणेरावळे, शेजारीपाजारी. मामा म्हणाले, "आदू, काल दस्तगीरनं नाल मारला आन् आज घोडी लंगडी. खिळा आत गेलाय. बघ जरा." निकाल लागून चुकला होता, शिक्का तेवढा माझा हवा होता. नाल ठोकताना एखादा खिळा खुराच्या जिवंत भागात घुसणं ही नालबंदाची सगळ्यांत मोठी बदनामी. मी हौशीचा पाय उचलला, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चांगला दुमडून मांडीवर घेतला आणि खुरावर हातोडीने ठोकलं. तिने पाय असा हिसकला की मी मागे रेललो. "टोचलाय," मी म्हणालो.

दस्तगीर तोवर येऊन पोचला होता. तो गर्दीतून पुढे आला. "डागदर, हातोडीनं न्हाय हिसकली ती. तुमी पाय दुमडून धरलाय न्हवं, त्येनं सांधा दुखला. पाय खाली ठिवा आन् मग ठोका." मी हातोडी खाली ठेवली. त्याच्या हातात काल काढलेला जुना नाल होता. तो त्याने माझ्यापुढे धरला. "ह्यो बघा, पुढनं कसा खाल्लाय. कवापास्नं पाय घासत चालतीया ही. आता इतकं दिस एका जागी हुबी ऱ्हायली, सांधा गोठला. कोस-अर्धा कोस सावकाश चालवा, मोकळी हुईल." त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो मला शिकवत होता, रोज संध्याकाळी शिकवायचा तसाच. फक्त आज माझ्या मामांच्या दारात, माझ्या सगळ्या नातेवाइकांसमोर. कुणीतरी हळूच हसलं. आणि मी म्हणालो, "चाचा, इथं शिकलेलं कोण आहे, तुम्ही की मी?"

मी नाल उपटायला लावला. सहा खिळ्यांपैकी एकाचं भोक बाकीच्यांपेक्षा किंचित आत होतं, कुठल्याही खुरात एखादं असतं तेवढंच. रक्त नव्हतं, पू नव्हता. खिळा पुसावा लागला नाही इतका कोरा होता. दस्तगीर हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "खूर गरम हाय का, डागदर? हात लावून बघितला?" मी हात लावला होता. खूर थंड होता. जिथे खिळा टोचतो तिथे खूर तापतो, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, हे आज कबूल करतो. पण तोंडातून शब्द निघून गेला होता आणि मामा माझ्याकडे अभिमानाने बघत होते. मी म्हणालो, "थोडक्यात वाचली घोडी. तासभर मऊ जमिनीवर हळूहळू फिरवा." गड्याने तिला परसात फिरवलं आणि दुपारपर्यंत ती सरळ चालू लागली. चालण्याने सांधा मोकळा झाला होता, अगदी दस्तगीर म्हणाला तसाच. लोक म्हणाले, डागदरनं नाल काढला आन् घोडी चालली बघा! दस्तगीरने फरशीवर पडलेला तो नवा नाल उचलला, जुन्या नालाबरोबर पिशवीत टाकला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. त्याच्यामागे मामांनी जमलेल्या माणसांपुढे हात जोडले, आम्हीही जोडले आणि एकमेकांची माफी मागायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून मामांची घोडी दुसऱ्या नालबंदाकडे गेली. मामांची गेली म्हणून पेठेतल्या इतरांची गेली, पेठेतल्यांची गेली म्हणून टांगेवाल्यांची गेली. आमच्या भागात एकाने तोंड फिरवलं की दुसरा का म्हणून विचारत नाही. वर्षभरात दस्तगीरच्या चिंचेखाली घोडं दिसेनासं झालं. तो पत्र्यांची पिशवी खांद्याला लावून बाजारांना जाऊ लागला. बैलाला पत्री मारायची तर दोरांनी बांधून आडवा पाडावा लागतो. त्याने जन्मात कुठलं जनावर पाडून काम केलं नव्हतं. त्याच्या हाताखाली घोडी आपणहून पाय द्यायची. दोरांनी त्याचे तळहात सोलून निघाले, पुढे एका बैलाच्या लाथेने उजव्या हाताचं एक बोट मोडलं. मी हे सगळं लांबून ऐकत होतो. संध्याकाळी चिंचेकडे जायचं मी बंद केलं होतं. लोकांना वाटायचं, मीच त्याच्यावर रागावलोय.

पुढच्या वर्षी पर्व आलं. मामांनी नवीन नालबंदाकडून हौशीचे नाल महिनाभर आधीच बदलून घेतले होते, खबरदारी म्हणून. क्षमावणीला सकाळी तिला बाहेर काढलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. तोच पाय, तसंच खुराचं पुढचं टोक फरशीवर घासणं. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि कळलं ते असं की गेल्या वर्षीही मला कळलं होतं. मी तिचा पाय दुमडून मिनिटभर धरला आणि सोडून गड्याला तिला पळवायला सांगितलं. पहिली दहा पावलं ती तीन पायांवरच गेली. आतल्या बाजूला बोट फिरवलं तर हाडाचा उंचवटा सुपारीएवढा लागला. घरी येऊन मी मुंबईचं जाड पुस्तक उघडलं. त्यात हे दुखणं होतं. सांध्याचं गुळगुळीत अस्तर झिजतं, हाडावर हाड वाढतं, विश्रांतीनंतर लंगडणं जास्त दिसतं, चाललं की कमी होतं, नाल पुढून झिजतो. त्या ओळींखाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ माझीच होती, परीक्षेच्या वेळी मारलेली. नेमकं इथंच माझं घोडं पेंड खात होतं: पुस्तकातलं दुखणं मला पाठ होतं, आणि चिंचेखालचा हड्डा म्हणजे तेच, हे मानायला मी तयार नव्हतो.

मग मी काय केलं? मामांना सांगितलं, "मामा, आता हिच्या सांध्याचं दुखणं सुरू झालंय. पर्वातही रोज थोडं चालवत जा, नुसती उभी करू नका." आता! त्या एका 'आता'मध्ये मी गेलं वर्ष गाडून टाकलं. मामा म्हणाले, "वय झालं तिचं," आणि गोष्ट संपली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दवाखान्यात नुकते कुठे लोक येऊ लागले होते, ते जातील असं वाटलं. मामा चारचौघांत खोटे पडतील असं वाटलं. दरवर्षी वेगळं काहीतरी वाटत गेलं. दरवर्षी क्षमावणीला मी ज्यांचं काहीच वाकडं केलं नव्हतं अशा पन्नास माणसांपुढे हात जोडायचो आणि चिंचेकडची सडक टाळून घरी यायचो.

माझी बेळगावला बदली ठरली त्या वर्षीची क्षमावणी. लढाई चालू होती, साखर मिळत नव्हती, गुळाच्या चहाचे पेले फिरत होते. मी मामांच्या सोप्यात पाहुण्यांमध्ये बसलो होतो. दारात दस्तगीर येऊन उभा राहिला. दाढी पांढरी झालेली, मोडलेलं बोट वाकडंच राहिलेलं. त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले. "आज तुमच्यात माफी मागत्यात न्हवं, डागदर? तुमी गाव सोडून चाललाय म्हनं... त्या दिशी चार मानसांत म्या तुमास्नी उलटून बोललो. म्या यकल्याला सांगाय पायजे हुतं. त्येची माफी असावी." एवढं बोलून तो थांबला. गेला नाही, थांबला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आज मला कळतं की तो माफी मागायला आलाच नव्हता. तो मला एक जागा करून द्यायला आला होता. माझ्या शेजारी झोपाळ्यावर मामा बसले होते. मी म्हणालो, "असू दे चाचा. झालं गेलं गंगेला मिळालं."

मी त्याला माफ केलं! वाचणाऱ्याने पुन्हा वाचावं. ज्याला मी धंद्यातून उठवला त्याला मी, भरल्या सोप्यात, मोठ्या मनाने माफ केलं. मामांनी मान डोलावली, कुणीतरी दस्तगीरला चहा दिला. त्याने तो उभ्यानेच घेतला, पेला उंबऱ्याच्या कडेला नीट ठेवला आणि गेला. हे लिहिताना माझे कान तापतात. तेव्हा तापले नव्हते. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

बेळगावात माझं नाव झालं. कॅम्पापासून वडगावापर्यंतचे टांगेवाले माझ्याकडे येतात, आणि येतात ते एका गोष्टीसाठी. लंगडतं घोडं संध्याकाळी आणलं तर मी हात लावत नाही. इथेच बांधा म्हणतो, सकाळी पहिलं पाऊल बघू. पाय दुमडून धरतो, सोडतो, पळवतो. जुना नाल मागून घेतो आणि बोटांनी चाचपतो. माझ्या हाताखालची माणसं याला 'डॉक्टरांची पद्धत' म्हणतात. इतक्या वर्षांत मी त्यांना दुरुस्त केलं नाही. मामाही दोन वर्षांपूर्वी गेले. म्हणजे लपायला जे शेवटचं झाड होतं तेही राहिलं नव्हतं. तरीही निपाणीची मोटार पकडून चिंचेखाली जाणं मला जमलं नाही. जमलं ते आता, त्याच्या मागे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

बैलवाल्याकडून कळल्यावर तिसऱ्या दिवशी मी गेलो. चाची, दस्तगीरची बायको, दारात गव्हातले खडे वेचत बसली होती. तिने मला ओळखलं, पाटी बाजूला ठेवली, बसायला घोंगडं टाकलं. मी बसलो. मग सगळं एका दमात सांगितलं. खिळा टोचला नव्हता, चाचांचं बरोबर होतं, मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. तिने पाटी परत मांडीवर ओढली. मग म्हणाली, "त्येस्नी ठावं हुतं, तुमास्नी कळलंय त्ये. हौशीचं लंगडनं त्येनी सडकंवरनं बघितलं हुतं की." एक खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "तुमच्या त्या माफीच्या सनादिशी, कुठं बी बाजार असूं दे, जायाचं न्हाईत. भट्टी पेटवून बसायचं. काम तर काय नसायचं. म्या इचारलं की म्हनायचं, आज कोन तरी येनार हाय." ती उठली, आत गेली आणि तारेत ओवलेले नाल घेऊन आली. हौशीच्या उजव्या मागच्या पायाचे, सात. पहिला जवळजवळ सरळ, दुसरा पुढून जरा झिजलेला, तिसरा त्याहून, सहावा पुढून पार कागदासारखा झालेला. आणि सातवा नवा कोरा, एका रात्रीचा, मी उपटायला लावलेला. तार घेऊन तो मामांच्या दारात कुठल्याही दिवशी उभा राहू शकला असता. चौकात टांगली असती तरी चाललं असतं. तो उभा राहिला नाही. मी विचारलं, का? चाची म्हणाली, "म्हनायचं, डागदर अजून धाकलं हायती."

सहावा नाल मी मागून घेतला. बेळगावला येऊन दवाखान्याच्या चौकटीला ठोकला. दुखणं कुणाच्या दाराला ठोकायचं नसतं, हे मला माहीत आहे. माझ्या दाराला चालतं.

गेल्या आठवड्यात जवळच्या मच्छे गावचा एक म्हातारा टांगेवाला घोडी घेऊन आला. मूळचा निपाणीचा, उतारवयात लेकीकडे येऊन राहिलेला. मी म्हटलं, सकाळी बघू. तो खूश झाला. "व्हय व्हय, तुमची त्ये पहिल्या पावलाची रीत लई ऐकलीया, म्हनूनच आलो." मी म्हणालो, "माझी नाही ती. निपाणीच्या दस्तगीर नालबंदाची. त्यांनी मला शिकवली." आयुष्यात पहिल्यांदा मी हे मोठ्याने बोललो होतो. म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या, मग त्याला आठवलं. "दस्तगीर? त्योच न्हवं, ज्येनं पारिसाण्णांच्या घोडीला खिळा टोचला हुता?"

मी उठलो, चौकटीवरचा नाल पकडीने उपटून काढला आणि त्याच्या हातात दिला. "बसा," मी म्हणालो, "आणि याच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवा."